मोटार-पंपाची वर्षाची योजना काढायची हाय, एकदम ११ लाख घालू की आधी थोडक्यात करून बघू?

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. निपाणी तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं (जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं) वर्कशॉप हाय, १४ वर्षं झाली, मी आणि हाताखाली दोन पोरं. नदीकाठचा भाग असल्यामुळं ५ आणि साडेसात एचपीचे मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच बॉडीत) जास्त येतात, सबमर्सिबल पण येतात ते वरच्या मळ्यातल्या बोअरचे. सध्या नदी भरून चाललीय, काठावरच्या मोटारी सगळ्यांनी वर काढून ठेवल्यात, काम कमी हाय म्हणून गेले दोन महिने एक विचार मनात घोळायलाय तो इथं मांडतो.

शेतकऱ्याला मोटार जळली की एकदम ४-५ हजाराचा दणका बसतो, आणि तो पण नेमका उन्हाळ्यात हातात पैसा नसताना. तर मी असं म्हणायलोय की वर्षाची एक योजना काढायची, ५ एचपीला ३००० रुपये, साडेसातला ३८००, दहाला ४८००. त्यात वर्षातनं दोनदा चेकिंग, स्टार्टर साफ करून देणं, आणि मोटार कितीबी वेळा जळली तरी रिवाइंडिंग फुकट, वर दुरुस्ती होईस्तवर एक बदली मोटार आमची. यासाठी २० बदली मोटारी, एक जुना टेम्पो, चेन पुली, नवीन वाइंडिंग मशीन, दोन पोरं जास्तीची, पत्रकं, असं सगळं धरून ११ लाख लागायलेत. बँकेत बोलणं झालंय, कर्ज मिळतंय. मेहुणा म्हणतोय आसपासच्या गावातनं ४०० लोक सहज येतील, म्हणजे वर्षाला १४ लाख. मी स्वतः दूध संस्थेत सकाळी उभं राहून ६० एक लोकांना विचारलं, एकजण पण नको म्हणाला नाही. घरात मंडळींचं म्हणणं एवढं कर्ज एकदम नको, आधी थोडं करून बघा. आता थोडं करायचं म्हणजे नेमकं काय आणि कसं ते मला सुचेना, कारण बदली मोटारीच नसतील तर योजना कसली, आणि दोन गावात करून काय कळणार. कुणी असं आधी करून बघितलेलं असेल तर सांगा, मनापासून विचारतोय.

उद्यमबाग_टर्नर

दादा, मी पंपाचा माणूस न्हवे, बेळगावात उद्यमबागेत लेथवर असतोय, खरं तुमचा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे म्हणून लिवालोय. फौंड्रीत नवीन पार्टची ऑर्डर आली की पहिल्याच दिवशी कोण हजार नग ओतत नाही बघा. आधी साधा लाकडी पॅटर्न (साचा काढायचा नमुना) करतात, दोनचार सॅम्पल ओततात, ते आमच्याकडं मशीनिंगला येतात, कुठं ब्लो होल (हवेनं आत पडलेलं भोक) सापडतंय, कुठं वॉल पातळ आलीय, ते बघून पॅटर्न दुरुस्त करतात. सॅम्पल पास झालं तर ५०-१०० नगांचा पायलट लॉट, तो पण पास झाला की मग मेटल पॅटर्न आणि महिन्याचं शेड्यूल. मेटल पॅटर्नला पैसा लागतोय, तो आधीच करून बसलं आणि डिझाइन बदललं तर तेवढा पैसा गेला. तुमच्या २० मोटारी आणि टेम्पो म्हणजे मेटल पॅटर्न आहे, तुम्ही अजून सॅम्पल ओतलेलं नाही.

दुसरं, ६० लोक हो म्हणाले त्याला फार धरून बसू नका. दूध घालायला आलेला माणूस सकाळी तुमच्या तोंडावर नको कशाला म्हणेल, तुमचा त्याचा १४ वर्षांचा संबंध. त्यापेक्षा तुमच्याकडं दुकानाची वही असणार की, कुणाची मोटार कधी आली, काय झालं होतं, किती घेतले. ती वही काढा आणि मोजा, एका वर्षात किती वेगवेगळ्या मोटारी तुमच्याकडच्या आहेत आणि त्यातल्या किती जळाल्या. त्याला एक रुपाया लागत नाही आणि निम्मं उत्तर तिथंच मिळेल असं मला वाटालंय.

हिरण्यकेशी_मळा

मी तुमच्या गिऱ्हाइकापैकीच एक धरा, संकेश्वरच्या बाजूला साडेतीन एकर, ऊस आणि थोडी भाजी. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

तुमची योजना जाहीर झाली की पहिला कोण येईल सांगू, ज्याची मोटार वर्षाला दोनदा जळते तो. आमच्या शिवारात तसे चारपाच जण आहेत, थ्री फेज नसली की कपॅसिटर लावून दोन फेजवर मोटार चालवतात, प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारं यंत्र) बायपास केलेला असतो, १० एचपीपर्यंत आपल्याकडं कर्नाटकात शेतीपंपाला बिल नाही म्हणून ऑटो स्टार्टर टाकून घरी जातात आणि रात्री लाइट आली की विहिरीत पाणी असो नसो मोटार चालू. असल्या माणसाला ३००० म्हणजे लॉटरी आहे. आणि माझ्यासारखा, ज्याची मोटार चार वर्षांत एकदा जळली, तो म्हणणार कशाला ३००० घालू, बघू पुढच्या वर्षी. म्हणजे तुमच्याकडं गोळा कोण होणार ते बघा. आणि रिवाइंडिंग फुकट आहे म्हटल्यावर सांभाळून चालवणारा पण हयगय करायला लागतो, माणसाचा स्वभाव आहे तो.

आता दुसरी गोष्ट, ही जास्त महत्त्वाची. गेल्या एप्रिलात माझी मोटार जळली तेव्हा मला पैशाचं दुखणं कमी आणि दिवसांचं जास्त होतं. तीस गुंठे मिरची होती, फुलावर आलेली. मोटार सोमवारी जळली, दुकानदाराकडं आधीच १२ मोटारी रांगेत, माझी मिळाली रविवारी. सहा दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी पानं खाली मान टाकून पडलेली, संध्याकाळी जरा उठायची, पाचव्या दिवशी संध्याकाळी पण उठली नाहीत, सऱ्यांमधे फुलांचा सडा पडलेला, पायाखाली कुरकुर वाजत होती. शेजाऱ्याकडनं पाईप ओढून रात्री दोन तास पाणी घेतलं तेवढ्यावर निम्मी वाचली. रिवाइंडिंगचे साडेचार हजार दिले, मिरचीत किती गेले ते मी मोजलेच नाहीत. त्या सोमवारी मला कोणी म्हणालं असतं की संध्याकाळपर्यंत दुसरी मोटार बसवून देतो, भाडं दीड हजार, तर मी हातात ठेवले असते पैसे.

म्हणून माझं म्हणणं, तुम्ही फुकट रिवाइंडिंग विकायला निघालाय, आम्हाला पाहिजे पाणी. त्या दोन्हीत फरक आहे. बदली मोटार हीच खरी योजना आहे, रिवाइंडिंगचे पैसे आम्ही नेहमीसारखे देऊ की.

अजून एक, आमच्याकडं एका टीसीवर (म्हणजे ट्रान्सफॉर्मर, निपाणीकडं काहीजण डीपी म्हणतात) वीस-पंचवीस पंप असतात. एक फेज गेली आणि ऑटोवर टाकलेल्या असतील तर एका रात्रीत त्याच टीसीवरच्या तीनचार मोटारी जातात. तुमची सगळी गिऱ्हाइकं एकाच टीसीवरची असली तर बदली मोटारी कितीबी ठेवा, कमीच पडणार.

खानापूरची_लेक

मी पंपातलं काही जाणत नाही पण दादा तुमच्या घरातल्या वहिनींचं ऐका एवढं सांगायला लिहितेय.

मी ६ वर्षांपूर्वी घरपोच दळण सुरू केलं होतं. कल्पना अशी की महिन्याचे ठरावीक पैसे घ्यायचे, घरातनं धान्य न्यायचं, दळून परत आणून द्यायचं, बायकांचा वेळ वाचेल. आमच्या गल्लीत, बचत गटात, शाळेच्या पालक सभेत, जिथं विचारलं तिथं सगळ्या म्हणाल्या फार चांगलं होईल गं, तू कर. मी आधी चक्की घेतली, पल्वरायझर घेतला, तीनचाकी घेतली, सव्वाचार लाख गेले, त्यातले अडीच गटाचं कर्ज. पहिल्या महिन्यात ४० घरं आली, तिसऱ्या महिन्यात ११ राहिली. कारण काय तर बायकांना स्वतःचं धान्य डोळ्यासमोर दळून हवं असतं. आपल्या जोंधळ्यात दुसरीचा गहू मिसळला तर, आधी मिरची दळली असेल तर, पीठ गरम होऊन आलं तर. एका काकूंनी तर मला दारात उभं करून परातीत पीठ ओतलं, बोटांनी चोळून बघितलं आणि म्हणाल्या, हे आमचं नव्हे. त्यांचंच होतं, मी स्वतः दळलं होतं. पण त्या काकूंचं पण बरोबर होतं, त्यांना कसं कळणार.

हे मला सहा घरांचं धान्य स्कूटीवरनं नेऊन दुसऱ्याच्या चक्कीत दळून आणलं असतं तरी महिन्याभरात कळलं असतं. तीनचाकी विकली तेव्हा खरेदीच्या निम्मे पण आले नाहीत. कर्ज फेडायला अडीच वर्षं लागली, गटातल्या बायकांनी सांभाळून घेतलं म्हणून निभावलं.

नंतर मी नाचणीचं सत्त्व आणि भाजणी सुरू केली ती अशीच, १२ घरं, घरच्या घरी, पैसे आधी घ्यायचे. आधी पैसे मागितले की खरं काय ते कळतं बघा. चांगलं आहे म्हणणाऱ्या वीस असतात, पदराची गाठ सोडणाऱ्या पाच. त्या पाच जणी जे सांगतात तेवढंच ऐकायचं. आज ती भाजणी ७० घरांत जाते.

संकेश्वरी_मिरची

सगळेजण भ्या घालायलेत, मी उलटं सांगतो. धंद्यात दम लागतो. तुम्ही दोन गावात २५ लोकांवर करत बसला तर बाजूच्या गावातला दुसरा वाइंडरवाला बघतोय की, तो तुमचीच योजना उचलणार आणि तुमच्या आधी पत्रक काढणार. शिवाय एक मोटार दोन मोटार ठेवून केलं तर लोक म्हणणार हा काय योजना चालवतोय, टेम्पो दारात उभा असला, त्याच्यावर नाव असलं की विश्वास बसतो.

उद्यमबाग_टर्नर

मिरचीवाले, विश्वासाचं तुमचं खरं आहे, खरं टेम्पोवरच्या नावानं तो बसतोय असं मला वाटत नाही. आमच्या बेळगावातलंच उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ ला इथं सायकलीचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं, मग १९०३ ला लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे लोखंड लागलं की जमिनीला विष चढतंय, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढं बेळगावातली जागा सोडावी लागली, औंधच्या राजेसाहेबांनी जमीन दिली आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे मोठा कारखाना आला तो नांगर शेतात चालतोय हे शेतकऱ्यांनी बघितल्यानंतर. त्या दोन वर्षात दुसऱ्या कुणी कल्पना उचलली असती तरी त्याला पण तीच दोन वर्षं काढावी लागली असती.

आणि कॉपी करणारा पत्रक कॉपी करेल. दादांची १४ वर्षांची वही त्याच्याकडं कुठनं येणार. हिरण्यकेशीवाल्यांनी वर लिहिलंय ते वाचून तो जर ३००० मधे कितीबी वेळा फुकट रिवाइंडिंग द्यायला लागला तर करू दे, एका उन्हाळ्यात त्यालाच कळेल.

चिकोडी_हिशेब

मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्या बाजूने थोडं.

एक, वही मोजताना २०१९ आणि २०२१ ही वर्षं धरू नका. त्या दोन्ही वर्षी पूर आला होता, बुडालेल्या मोटारी वाळवायला आणि भरायला आलेल्या असणार, आकडा फुगलेला दिसेल. आणि योजना काढाल तेव्हा पुरात बुडालेली मोटार यात नाही हे पहिल्या ओळीत लिहा, नाहीतर एका ऑगस्टमध्ये सगळं वाहून जाईल. अटींचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत करा, तुमच्या भागात दोन्ही वाचणारे आहेत, उद्या वाद झाला तर मला वाचता आलं नाही असं कोणी म्हणायला नको.

दोन, आत्ता पावसाळ्यात सुरू करून तीन महिन्यांत निकाल काढू नका. जून ते सप्टेंबर मोटारी बहुतेक बंदच असतात, क्वचित एखादी जळणार, तुम्हाला वाटेल योजना फार फायद्याची आहे. परीक्षा फेब्रुवारी ते मे, त्याच महिन्यांत रांग लागते. पैसे मात्र त्याच्या आधी गोळा करा, ऊस गेल्यावर पहिलं बिल हातात पडतं तेव्हा.

तीन, आगाऊ आलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. डिसेंबरात आलेले ३००० ही तुमची कमाई नाही, त्यातलं काम अजून करायचं आहे. मी बघितलेले असे धंदे बहुतेक तिथंच अडकले, जानेवारीत पैसे दिसतात म्हणून घराला रंग काढला आणि एप्रिलात तांब्याची तार उधारीवर. तांब्याचा दर तुमच्या हातात नाही हेही लक्षात घ्या, वर्षभराची किंमत आज ठरवून तार एप्रिलच्या दराने घ्यायची आहे.

चार, कर्जाची घाई का? सरकारच्या मुद्रा कर्जयोजनेत शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत अशा पायऱ्याच आहेत. पहिल्या वर्षी लागलंच तर खालच्या पायरीचं घ्या, एका उन्हाळ्याचा हिशेब हातात असला की पुढच्या वर्षी वरच्या पायरीचं मागायला तुमच्याकडं कागद असेल. ११ लाखाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, तुमची मोटार फेब्रुवारीत जळणार.

पाच, दुरुस्ती ही सेवा आहे, तिथं जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख, फक्त माल विकणाऱ्याला ४० लाख. जुलै २०२५ मध्ये आपल्या राज्यात यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा आल्या होत्या, कितीतरी जणांनी फक्त रोख अशा पाट्या लावल्या होत्या. तुम्ही ४०० लोकांचे १४ लाख आणि नेहमीचं काम धरलं तर २० च्या जवळ पोचता, ते किमतीत धरलंय का?

वेदगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण वह्या काढून बसलो होतो, मुलगीनं मोबाइलवर एक्सेलमधे भरून दिलं. पूर नसलेलं एक वर्ष घेतलं. आकडे बघून मलाच झोप लागेना म्हणून तसेच्या तसे देतो.

माझ्याकडं नेहमी येणाऱ्या मोटारी २१२. वर्षात त्यातल्या जळून आल्या ७१ वेळा. म्हणजे मला वाटलं तिघात एक, ३००० ला परवडतंय. मग हिरण्यकेशीवाल्या दादांचं डोक्यात होतं म्हणून नावं लावून बघितली. १९ जणांच्या मोटारी ३८ वेळा आल्यात. उरलेल्या १९३ मोटारी मिळून फक्त ३३ वेळा. मला एक ५ एचपी भरायला तार, वार्निश, बेअरिंग, पोराची मजुरी धरून ३१०० च्या आसपास पडतात. म्हणजे ते १९ जण पहिल्या दिवशी ३००० घेऊन आले, आणि ते येणारच, तर त्यांच्याकडनं ५७ हजार येणार आणि माझे जाणार १ लाख १७ हजारच्या वर. बाकीचे आले तरच हे भरून निघतंय, आणि त्यांना यायचं कारणच नाही. १४ वर्षं ही वही माझ्या टेबलाच्या खणात होती.

महिने पण बघितले. ७१ पैकी ४६ फेब्रुवारी ते मे, जून ते सप्टेंबर ६. चिकोडीवाल्या साहेबांनी म्हटलेलं अगदी तसंच.

आणि अजून एक गोष्ट वहीत सापडली जी मी कधी मोजली नव्हती, मोटार आलेली तारीख आणि नेलेली तारीख. एप्रिलात सरासरी पाच दिवस. एक मोटार तर नऊ दिवस माझ्याकडं पडलेली, ती वांग्याच्या प्लॉटची होती, त्या माणसाला मी ओळखतो, त्यानं तोंडातनं शब्द काढला नव्हता. ते वाचून फार वाईट वाटलं.

तर आता असं ठरवायलोय, चुकत असेल तर सांगा. दोन गावं, २५ गिऱ्हाइकं, सगळे मोनोब्लॉक, ५ आणि साडेसातच, कारण ते काठावर पटकन बदलता येतात, बोअरमधनं पाईप उपसायचं काम यात नको. एका टीसीवर चारच्या वर घ्यायचे नाहीत. वर्षाचे १२०० रुपये आगाऊ, त्यात फेब्रुवारीच्या आधी एक चेकिंग आणि एप्रिलात एक, आणि मोटार जळाली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, बदली मोटार बसवून द्यायची. रिवाइंडिंगचे पैसे नेहमीच्या दरात थोडे कमी करून. प्रिव्हेंटर चालू पाहिजे ही अट.

बदली मोटारी नवीन घेत नाही. दुकानात भंगारात घालायच्या तीन बॉडी पडल्यात, आत्ता पावसाळ्यात पोरं रिकामीच हाईत, आम्हीच भरून, पेंट मारून तयार करतो. टेम्पो शेजारच्याचा, खेपेला पैसे. सगळं मिळून ५० हजाराच्या आत बसायलंय, कर्ज काढायची गरजच नाही.

हिरण्यकेशी_मळा

आता बरोबर वाटलं. १२०० मी देईन, माझ्या गावात असता तर.

दोन शंका. प्रिव्हेंटर चालू होता की नव्हता हे मोटार जळाल्यावर कसं ठरवणार, शेतकरी चालू होता म्हणणारच. आणि बदली मोटार एकदा शेतात गेली की परत लवकर देत नाहीत, तुमची मोटार चांगली पाणी मारते म्हणून माझी राहू दे अजून चार दिवस, असं होणार.

वेदगंगाकाठ

पहिल्याचं उत्तर मोटारच देते. उघडली की कळतंय, एक फेज गेल्यावर जळालेली असली तर काही कॉइली काळ्याठिक्कर आणि शेजारच्या काही नव्यासारख्या लालसर, चक्क पट्टे दिसतात. सगळ्या कॉइली सारख्या काळ्या असल्या तर ओव्हरलोड नाहीतर व्होल्टेज कमी. प्रिव्हेंटर चालू असता तर पहिला प्रकार झालाच नसता. गिऱ्हाइकाला बोलावून त्याच्यासमोरच उघडायची असं करतो, दाखवलं की माणूस मानतो, आजवरचा अनुभव हाय. आणि बदली मोटार तरी दिलेलीच असणार, त्याचं पाणी थांबत नाही, फक्त पुढच्या वेळी योजनेत घ्यायचं का नाही ते ठरवता येतंय.

दुसरी शंका मात्र खरी हाय, त्याचा विचार केला नव्हता. त्याची मोटार तयार झाली असा फोन केल्यापासनं दोन दिवस, त्यानंतर दिवसाला शंभर रुपये, असं लिहू का? माणसं दुखावतील असं पण वाटतंय.

खानापूरची_लेक

दादा दंड लावू नका, आणायला तुम्हीच जा. त्याची तयार मोटार टेम्पोत घालून न्या, बसवा आणि तुमची काढून घेऊन या. एक खेप जास्त होते पण भांडण नाही. पहिल्या वर्षी तर प्रत्येक खेपेला तुम्ही स्वतःच जा, पोरांना पाठवू नका, शेतात उभं राहिल्यावर जे कळतं ते फोनवर कळत नाही. मी त्या काकूंच्या दारात उभी होते म्हणून पिठाचं कळलं, नाहीतर मी अजून समजत असते की दर जास्त होता.

चिकोडी_हिशेब

योजना मला पटली, एकच गोष्ट राहिली. थांबायचं कधी आणि वाढवायचं कधी हे आत्ताच, डोकं थंड असताना कागदावर लिहून ठेवा आणि वहिनींच्या हातात द्या. उदाहरणार्थ जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच २५ जणांकडे पुढच्या वर्षाचे पैसे मागायचे. तोंडी हो नको, पैसे. १८ जणांनी दिले तर पुढच्या वर्षी १०० वर जायचं, १० च्या खाली आले तर बंद, मधे असले तर त्याच २५ वर अजून एक उन्हाळा. त्याबरोबर एक वही ठेवा, फोन कधी आला आणि पाणी सुरू कधी झालं, तास लिहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या पुढं किती वेळा गेलं ते मोजायचं. आकडे तुम्ही बदला, मी सहज लिहिलेत, पण आधी लिहा. मे महिन्यात लिहायला बसलात तर जे झालंय त्यालाच आपण बरं म्हणतो, मीही म्हणतो.

आणि खेपेचं डिझेल आणि तुमचा स्वतःचा वेळ पण त्याच वहीत लिहा. २५ लोकांत तुम्ही धावपळ करून निभावाल, १०० लोकांत ती धावपळ पगारावर करून घ्यावी लागेल, ती १२०० त बसते का हे त्या वहीतूनच कळणार.

संकेश्वरी_मिरची

माझं मत थोडं बदललं. १९ जणांचा आकडा बघून गप्प बसलो. माझ्या चुलत्याची मोटार त्या १९ सारखीच हाय, त्यांना प्रिव्हेंटर जोडून घ्यायला सांगितलं आज.

खरं ४० मधे सुरू करा, २५ फार कमी हाईत.

वेदगंगाकाठ

४० ला तीन मोटारी पुरतील का बघायला परत वही काढली. एप्रिलात एका आठवड्यात जास्तीत जास्त ५ मोटारी जळाल्या होत्या, २१२ मधनं, आणि त्यातल्या ३ एकाच टीसीवरच्या, एकाच रात्री. तेव्हा २५ च ठेवतो, तीन मोटारीत जीव घाबरा होणार नाही.

साहेबांनी सांगितल्यासारखं कागद लिहिला, १८ चा आकडा तसाच ठेवला, सही करून मंडळींच्या हातात दिला, त्यांनी देव्हाऱ्यामागं ठेवलाय. बँकेतल्या साहेबांना फोन करून आत्ता नको म्हणून कळवलं. वांग्याच्या प्लॉटवाल्या दादांकडं काल स्वतः गेलो, नऊ दिवसांचं बोललो, योजना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आत जाऊन १२०० रुपये आणून दिले, मी म्हटलं ऊस गेल्यावर द्या, तर नको, आत्ताच घे म्हणाले. मुलगीनं लगेच वेगळ्या वहीत नाव लिहिलं, एक नंबर.

तीन बॉडीपैकी दोन भरून झाल्या, टेस्टला लावून बघितल्या, करंट तिन्ही फेजला सारखा दाखवतोय. तिसरीचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी खाल्लाय, इंपेलर घासायलाय. निपाणीत एकाला दाखवला, तो नवीन शाफ्ट म्हणतोय.

उद्यमबाग_टर्नर

नवीन कशाला, बेअरिंगच्या जागी वेल्डिंगनं भर घालून टर्निंग करून साइजला आणता येतोय. वाकलेला नाही ना ते आधी बघायला पाहिजे, डायल लावून. रोटरसकट घेऊन या, सोमवारी आम्हाला सुट्टी असते खरं शॉप उघडं ठेवतो, सकाळी दहाला या. जुनं बेअरिंग पण बरोबर आणा, नंबर बघायला.